ओढून तुटलेली साखळी

बाजारात तिला सगळे भिंगवाली म्हणत. बाप सोनार होता. अक्षरं गिरवायच्या आधी ती त्याच्या भट्टीशेजारी बसून डाग द्यायला, म्हणजे तुटलेलं सोनं सांधायला, शिकली होती. आता पन्नाशी उलटली होती, पण डोळ्याला भिंग लावलं की दागिना कधीचा, कशाचा, त्यात खरं किती आणि खोटं किती हे ती सांगून मोकळी व्हायची. भाऊबंदकीत लोक तिलाच बोलावत, कारण ती कुणाचीच बाजू घेत नसे. "सोन्याला सासर-माहेर नसतं," असं तिचं म्हणणं. एरवी तोंडाने फटकळ, पण दागिना हातात असला की जे दिसेल तेवढंच बोलायची.

एका सकाळी तिच्या खोलीत एक बाई आली. "मी वखारवाल्यांची लेक," तिने ओळख करून दिली.

वखारवाला कोण हे भिंगवालीला ठाऊक होतं. लाकडाची एवढी मोठी वखार गावात दुसरी नव्हती, आणि कामगारांच्या कानफटात मारण्यात मालकाचा हात धरणाराही दुसरा नव्हता. महिन्यापूर्वी तो झोपेत गेला तेव्हा, "इतक्या सुखाने गेला? देव आंधळा आहे की काय," असं एक हमाल उघड बोलला होता.

"आईचे दागिने आहेत," लेक म्हणाली. "दादा म्हणतो सगळं घरातच राहील. मी म्हटलं, निदान काय आहे ते तर कळू दे. तेवढ्याला तो कबूल झाला."

"तुमच्या आई आहेत ना?"

"आहे की."

"मग दागिने त्यांचे. त्यांनाच विचारायचं."

लेकीने खाली पाहिलं. "आमच्या घरात आईचं असं काही नसतं, ताई."

दुपारी भिंगवाली आपला काटा आणि चिमटे घेऊन गेली. घर वखारीच्याच वर होतं. खाली यंत्राची करवत चालू होती. तिचा आवाज जिन्यातून पायात शिरत होता. लाकडाचा भुसा पायऱ्यांवर, कठड्यावर, घराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. दाराच्या फळीत मुठीएवढा खड्डा पडला होता आणि तो लांबी भरून, बुजवून रंगवला होता. रंग जुळला नव्हता. आत शिरताना तिने भिंतीवरच्या आरशाची चौकट पाहिली. तिच्यात आरसा नव्हता.

मोठ्या टेबलाशी लेकीचा दादा, घरातला थोरला, बसला होता. बापाचेच खांदे, बापाचीच मान. त्याच्या मागे त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. खुर्च्या रिकाम्या असून ती बसली नव्हती. खिडकीपाशी आई होती, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, कानही झाकलेले. लेक तिच्या शेजारी जाऊन बसली.

थोरल्याने उठून दाराला आतून कडी घातली. "दागिने बाहेर काढायचे म्हणजे दार बंद असलेलं बरं," तो म्हणाला.

मग त्याने लोखंडी पेटी टेबलावर आणून आपटली. जाड पत्र्याची, पितळी कोपऱ्यांची, दोन हातांनी उचलावी लागेल अशी. तिच्यातले दागिने एकेक करून त्याने टेबलावर मांडले आणि रिकामी पेटी बाजूला सरकवली.

"आकडा सांगा," तो म्हणाला. "पुराण नको."

"आकडा पुराणातूनच निघतो, भाऊ," भिंगवाली म्हणाली आणि तिने हार उचलला.

हार पाहून तिला बरं वाटलं. हिरे हाताने पैलू पाडलेले होते, तळाला सपाट, प्रत्येकाच्या मागे चांदीचा वर्ख. एकाच खड्याखाली पाणी शिरून वर्ख काळा पडला होता. "हा कुणाचा?"

"माझ्या आईचा," खिडकीतली आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की करवतीत विरून गेला. लेकीने तेच पुन्हा सांगितलं.

"फार सुरेख काम आहे. कधी वितळवू नका आणि पाण्याने धुऊ नका. असं घडवणारे हात आता राहिले नाहीत. सोन्याच्या भावात मोजला तर मूर्खपणा होईल."

थोरला खूश झाला. टेबलावर बोटं वाजवू लागला. "पुढचं."

पुढे साखळी होती. भिंगवालीने ती भिंगाखाली इंचाइंचाने सरकवली आणि सवयीने बोलत गेली, जशी ती रोज गिऱ्हाइकांपुढे बोलायची. "हिला बरेच डाग आहेत. इथे एक, इथे एक, हा आणखी. झिजून तुटलेली नाही. झिजली की कडी बारीक होते. ही ओढून तुटलीय; बघा, शेजारच्या कड्या लांबट झाल्यात. आणि प्रत्येक डाग वेगळ्या सोनाराचा. हा पिवळा, हा पांढरट, हा तर कुण्या शिकाऊ पोराचा. एकाच सोनाराकडे दोनदा गेले नाहीत. त्यामुळे भाव पडतो."

तिने साखळी ठेवून बांगडी घेतली. "ही चेपली होती, मग ठोकून गोल केलीय. हीसुद्धा. ही अंगठी कापून काढलेली आहे, नंतर सांधलीय. बोट सुजलं की कापावी लागते." तिने कानातल्यांची जोडी उचलली. "हा कानात अडकवायचा आकडा मूळचा, आणि हा नवीन. जुना सरळ झाला असणार. म्हणजे खालून हिसका…"

ती थांबली. समोर चौघं होती आणि कुणी हलत नव्हतं. तिने खिडकीकडे पाहिलं. आईचा हात आपोआप रुमालाखाली, डाव्या कानाकडे गेला होता. रुमाल थोडा सरकला तेव्हा भिंगवालीला कानाची पाळी दिसली. ती मधोमध चिरली जाऊन दोन टोकांनी लोंबत होती. कुणी टाका घातला नव्हता.

"पुराण नको म्हटलं होतं मी," थोरला हळू आवाजात म्हणाला.

"दादा, त्यांनी काही चुकीचं सांगितलं नाही," लेक म्हणाली. "ती अंगठी कापली तेव्हा मी होते तिथे. तूही होतास. तू पाणी आणलं होतंस आईला."

"तू गप."

भिंगवालीने कानातली जोडी खाली ठेवली. तिने ठरवलं, राहिलेलं पदक पाहायचं, आकडा सांगायचा आणि निघायचं. पदक सोन्याचं होतं, मध्ये बोराएवढा लाल खडा. सगळ्या घराची आशा याच्यावर असणार हे थोरल्याच्या पुढे झुकण्यावरून कळत होतं. तिने भिंग लावलं, खडा खिडकीच्या उजेडाकडे फिरवला. आत बारीक वक्र रेषा होत्या, आणि काठाशी दोन गोल बुडबुडे. जमिनीतल्या माणकात रेषा सरळ असतात, कोनात मिळतात. या वळत होत्या.

खोटं बोलावं का, असं तिच्या मनात आलं. तसं बोलून बाहेर पडता आलं असतं. पण उद्या हाच माणूस हा खडा बाजारात घेऊन गेला असता आणि मग घरी येऊन कुणाला तरी धरलं असतं.

"हे माणिक नाही," ती म्हणाली. "काचही नाही. भट्टीत बनवलेला खडा आहे."

थोरल्याने बोटं वाजवणं थांबवलं. तो वळला तो बायकोकडे. "कुठे बदललास?"

"मी?" ती म्हणाली. तेवढाच एक शब्द तिला बोलता आला. त्याने बसल्या जागेवरून उलट्या हाताने मारली आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"अहो, ऐका!" भिंगवाली उठली. "कुणी बदललेला नाही. हे कोंदण कधी उघडलेलंच नाही, बघा ना, खडा धरणाऱ्या एकाही नखीवर ओरखडा नाही. पदक घडवलं तेव्हापासून हाच खडा आहे यात. असे खडे शंभर वर्षांपूर्वीही बनत होते."

"पेटीची किल्ली हिच्याकडे असते."

"किल्लीचा संबंधच नाही!"

"तुला किती दिलेत हिने?" त्याने भिंगवालीला विचारलं. आता 'अहो-जाहो' गेलं होतं. "दोघींचं ठरलंय काय?"

त्याने बायकोचे केस मुठीत धरले आणि तिला टेबलापर्यंत ओढत आणलं. तिचा गाल टेबलावर दाबला, पदकाला नाक लागेल इतका. "सांग. कुठल्या सोनाराकडे गेलीस? सांग!" तिच्या नाकातून रक्त आलं आणि बांगड्यांच्या खाली पसरलं. ती किंचाळली नाही. दात घट्ट आवळून, डोळे बंद करून पडून राहिली. ही तिची पहिली वेळ नव्हती.

लेक धावली आणि भावाच्या पाठीवर तिने मुठी मारल्या. त्याने कोपर मागे हाणलं. ते तिच्या छातीत बसलं आणि ती खुर्चीसकट मागे पडली. तिला श्वास घेता येईना. जमिनीवर ती माशासारखं तोंड उघडत होती.

"सोड तिला," आई म्हणाली.

ती खिडकीपासून उठली होती. या वेळी आवाज करवतीच्या वर आला. "तो खडा भट्टीतला आहे हे मला माहीत आहे. मी या घरात आले त्याच वर्षी सासूबाईंनी सांगितलं होतं. त्यांच्या नवऱ्याने माणिक म्हणून आणून दिला होता, आणि त्यांनी गुपचूप दाखवून घेतला होता."

थोरला आईकडे बघत राहिला. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं कधी?"

क्षणभर वाटलं, तो सोडेल. त्याची मूठ सैलही झाली. मग चेहऱ्यावर रक्त चढलं. सगळ्यांना माहीत होतं आणि त्याला एकट्याला माहीत नव्हतं, हे त्याला सहन झालं नाही. "सगळ्या एक आहात तर," तो म्हणाला, आणि त्याने बायकोचं डोकं उचलून टेबलावर आपटलं.

भिंगवाली दाराकडे धावली. तिने कडी काढली, दार फटीएवढं उघडलं आणि खाली ओरडली, "अरे, वर या कुणीतरी! वर या!" खाली करवत तशीच चालू होती. एका कामगाराने वर पाहिलं आणि नजर खाली घातली. या घरातून ओरडा येणं त्याला नवीन नव्हतं.

थोरल्याने धावत येऊन दारावर लाथ घातली. तिचा उजवा हात चौकटीत होता. बोटं मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. तिने हात ओढून काढला. मधली दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. ती गुडघ्यावर बसली आणि ओकली.

"आता लाव भिंग," तो म्हणाला.

बायको तेवढ्यात टेबलावरून घसरून खाली आली होती आणि रांगत लेकीकडे निघाली होती. तो परत फिरला. त्याने पाय धरून तिला मागे ओढलं, तिच्या पाठीवर गुडघा ठेवला आणि दोन्ही हातांनी तिचा गळा मागून आवळला. तिची नखं जमिनीवर घासत होती. लेक भावाच्या हाताला लोंबकळली, चावली. त्याला कळतही नव्हतं. बायकोचा चेहरा आधी लाल, मग जांभळा होत गेला.

आईने लोखंडी पेटी उचलली. त्या म्हातारीच्या हातात ती कशी आली हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. तिने ती डोक्याच्या वर नेली नाही, तेवढं बळ नव्हतं. छातीपर्यंत उचलली, दोन पावलं चालली आणि मुलाच्या डोक्यावर सोडली. पितळी कोपरा कानाच्या वर बसला.

तो बायकोच्या अंगावरच आडवा झाला. लेकीने आणि भिंगवालीने मिळून त्याला बाजूला लोटलं. बायको खोकली, पुन्हा खोकली, मग तिने इतका मोठा श्वास घेतला की तो आवाज भिंगवालीच्या कायमचा लक्षात राहिला. थोरल्याच्या डोक्याखाली रक्ताचं थारोळं वाढत होतं. त्याची डावी टाच जमिनीवर थाडथाड आपटत होती.

आई खाली बसली. तिने रुमाल सोडला, घडी केली आणि मुलाच्या जखमेवर दाबून धरला. "डॉक्टरला बोलवा," ती म्हणाली. "आणि पोलिसांना पण."

करवत बंद झाली ती पोलीस आल्यावरच.

थोरला वाचला, पण डावी बाजू गेली. हात लुळा पडला, पाय ओढावा लागे, आणि बोलताना शब्द तोंडातून गळून पडत. दवाखान्यात पोलीस अधिकारी जबाब घ्यायला आला तेव्हा त्याने बराच वेळ लावून एकच वाक्य सांगितलं, "पाय घसरून पडलो."

अधिकारी वैतागला. बोटांना पट्ट्या बांधून बसलेल्या भिंगवालीला तो म्हणाला, "आई म्हणते मी मारलं. मुलगा म्हणतो मी पडलो. मी कुणाचं धरू?"

"माझ्या बोटांचं धरा," भिंगवाली म्हणाली. "ती तर पडली नाहीत ना?"

तिने पाहिलं ते सगळं सांगितलं. सुनेच्या गळ्यावरचे व्रण डॉक्टरांनी लिहून घेतले, लेकीची एक बरगडी मोडली होती तीही. आई कोर्टात उभी राहिली आणि तिथेही तिने शब्द फिरवला नाही. "पेटी निसटली असेल हातातून," असं तिच्या वकिलाने सुचवून पाहिलं. "निसटली नाही, मी टाकली," ती म्हणाली. न्यायाधीशांनी सुनेचा गळा आणि म्हातारीचं वय दोन्ही विचारात घेतलं आणि तिला घरी पाठवलं.

घरी म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. लेक तिला आपल्याकडे न्यायला आली होती. सून दवाखान्यातून परस्पर नणंदेच्या घरी गेली होती आणि परत येणार नाही असं तिने साफ सांगितलं होतं. पण आई वखारीवरच्या घरात परत गेली. मुलगा तिथे होता.

काही महिन्यांनी तिने भिंगवालीला निरोप धाडला. भिंगवाली आता डाव्या हाताने चिमटा धरायला शिकत होती. सूक्ष्म काम अजून जमत नव्हतं. जाऊ नये असंच तिला वाटलं. तरी गेली.

थोरला खिडकीपाशी खुर्चीत बसला होता आणि आई त्याला पेज भरवत होती. त्याच्या गळ्यात फडकं बांधलं होतं. हनुवटीवर ओघळलेली पेज पुसायला आईने हात वर केला, तशी त्याने मान आत घेतली आणि डोळे गच्च मिटले. आई तेवढ्यापुरती थांबली. मग तिने हनुवटी पुसली आणि पुढचा चमचा भरला.

"रोज असंच करतो," ती म्हणाली. "मी काय मारणार आहे आता? पण नाही, घाबरतो."

"तुम्ही इथे का राहता, आई?" भिंगवालीने विचारलं.

"मग कोण राहणार? मारलं मी, आता भरवणारही मीच. सुनेने का भरवावं?" तिने वाटी खाली ठेवली. "आणि खरं सांगू? हा लहान असताना याला मी कधी पोटभर भरवलं नाही. बापाची चाहूल लागली की ताट सोडून मी उठायची. हा तसाच अर्धपोटी बसायचा, माझ्याकडे बघत."

थोरला खिडकीबाहेर पाहत होता. ऐकत होता की नाही, कळत नव्हतं.

पोलिसांकडून सुटून आलेले दागिने आईने एका पिशवीत भरून ठेवले होते. त्यातला फक्त हार तिने बाहेर काढला. "हा सुनेला द्या. माझ्या आईचा आहे. बाकीचं माझ्यामागे कुणी काहीही करो."

"लेकीला नाही?"

"लेकीनेच सांगितलं, तिला दे म्हणून."

"तुम्हीच द्या ना जाऊन."

"माझ्या हातून ती घेणार नाही. हे घर आठवेल तिला." आईने भिंगवालीच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं आणि हात जोडले.

सून नणंदेच्या मागच्या खोलीत राहत होती. लग्नाआधी ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती; तिथेच पुन्हा लागली होती. ती नुकतीच कामावरून आली होती. गळ्यावरचे व्रण गेले होते, पण आवाज फाटका राहिला होता.

भिंगवालीने हार तिच्या पुढ्यात ठेवला, कुणी दिला ते सांगितलं, आणि कामाची गोष्ट म्हणून भाव कसा लागेल, विकायचा तर कुणाला दाखवायचा, कुणाला अजिबात नाही, हेही सांगितलं. सून ऐकत होती. हाराला तिने हात लावला नाही.

"जेवतात का ते?" तिने मध्येच विचारलं.

"जेवतो. आई भरवतात."

सून म्हणाली, "गरम चालत नाही त्यांना. तोंड पोळतं लगेच. आईंना सांगा, निववून…"

ती अर्ध्यावर थांबली. तिचा चेहरा एकदम कसानुसा झाला, जणू कुणीतरी तिला चोरी करताना धरलं होतं. तिने हार उचलला, घट्ट मुठीत घेतला.

"नको," ती म्हणाली. "काही सांगू नका."

"नाही सांगत," भिंगवाली म्हणाली आणि चहा ठेवायला स्वतःच उठली.